कुंकू लावलेला दिवा

शहराच्या महाल भागातल्या आमच्या घरात गाडी सासऱ्यांची होती आणि ती चालवणारी मी एकटी. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आमचे हे स्टिअरिंगला हात लावायला तयार नसत, कारण एकदा शिकताना त्यांनी गाडी दूधवाल्याच्या सायकलवर घातली होती. मी लग्नाआधीच भावाकडून शिकले होते. सून गाडी चालवते याचं मामाजींना चारचौघांत कौतुक होतं. नियम मात्र एक होता, गाडी दिवे लागायच्या आत घरी.

कारण विचारलं तर गाडीच्या दिव्यांकडे बोट. ते खरंच मिणमिणते होते. त्यात वरची अर्धी काच लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी काळी रंगवलेली, ती कोणी खरवडली नव्हती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बैलगाडीखालचा कंदील त्याहून बरा उजेड देई.

मी शिक्षिका, शनिवारी शाळा सकाळची. शाळेतून थेट मी पारशिवनीला निघे, तिथे माझी आई एकटी होती. पडल्यापासून तिचा एक पाय धड नव्हता, काठी धरून घरातल्या घरात फिरे. हिवाळ्यात मी पोचून पाणी पिते न पिते तो आईचं लक्ष दाराकडे. उंबऱ्यावरचं ऊन सरकलं की ती माझी पिशवी माझ्या हातात द्यायची. "निघ वं माय, तुह्या घरी बोलतीन." माझ्या आईला माझ्याशी बोलण्यापेक्षा ऊन पाहण्यात जास्त वेळ घालवावा लागे.

आणि गंमत ऐका. मामाजींना कोणाच्या लग्नाच्या पंगतीला जायचं असलं की हीच गाडी, हेच दिवे, हीच सून. पार अंधारातून मी त्यांना जेवायला नेऊन परत आणत असे. मामाजी मागच्या सीटवर असले की अंधार होत नसे.

शेवटी मी ठरवलं, दिव्यांचं कारण आहे ना, मग दिवेच बदलू. तेव्हा बाजारात हॅलोजनचे बल्ब नुकते दिसू लागले होते. सीताबर्डीच्या दुकानातून मी जुन्या खोबणीत बसतील असे दोन आणले. दुकानदाराने बजावून सांगितलं की काचेला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल काचेवर राहिलं तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटतो. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, मला ते पटलं. घरी येऊन सगळ्यांना तेच पुन्हा समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी करून मी कामाला लागले. आधी काचेवरचा काळा रंग ब्लेडने खरवडला. कडं काढलं, मागचा रबर सोडवला, तारांचा टोपा ओढला, स्प्रिंग दाबून जुना बल्ब बाहेर घेतला. नवे दोन्ही बल्ब खोक्यांतून काढून स्वच्छ फडक्यावर ठेवले होते. तेवढ्यात मामाजी पूजा आटोपून थाळी घेऊन आले आणि काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी अंगठ्याने एका बल्बाच्या काचेला ठसठशीत कुंकू लावलं. तेलात कालवलेलं.

मामाजी विणकरांच्या घरातले. त्यांच्या वडिलांच्या घरी माग होते, आणि मागावर नवा धोटा असो की नवी फणी, हळदकुंकवाशिवाय चढत नसे. माग गेले, मामाजी कापडाच्या दुकानात बसू लागले, पण ती रीत घरात राहिली. नवा स्टोव्ह, नवा पंखा, रेडिओ, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. मला त्या रीतीचा राग नव्हता. माझ्या शिलाई मशीनलाही त्यांनी असंच प्रेमाने कुंकू लावलं होतं.

पण दुसऱ्या बल्बाकडे त्यांचा अंगठा वळला तसा मी तो फडक्यात गुंडाळून उचलला. मग पहिला पुसायला स्पिरिटचा बोळा घेतला.

"कुंकू पुसून राहिली काय वं, सूनबाई?" मामाजी म्हणाले.

माझा हात थांबला. सवाष्णीला हे वाक्य ऐकवल्यावर ती काय करणार? ओसरीवर आमचे हे चहा पीत उभे होते. ज्यांच्या नावाचं कुंकू, ते तरी बोलतील म्हणून मी पाहिलं. हे म्हणाले, "असू दे ना, एवढ्याशा कुंकवानं काय होते?" या 'असू दे'वर आमच्या घरातल्या बायकांचे जन्म गेले आहेत. मी कुंकवाचा बल्ब उजवीकडे बसवला आणि दुसरा डावीकडे.

पुढच्या शनिवारी मी आईकडे थोडं जास्त थांबले. परत येताना दिवेलागण झाली. दिवे लावले आणि रस्ता स्वच्छ दिसू लागला, मला गाणं म्हणावंसं वाटलं. कन्हानचा पूल ओलांडला आणि उजवा दिवा फटकन गेला. समोरून जबलपूरकडे जाणारे ट्रक. एकच दिवा, तोही डावा, म्हणजे समोरच्याला वाटावं मोटारसायकल आहे. ते थेट माझ्या अंगावर येत होते. मी डाव्या कडेने जीव मुठीत धरून घरी आले.

मामाजी दारातच होते. म्हणाले, मले ठाऊकच होतं. दुकानदाराने फसवलं, बाईमाणसाला नट-बोल्टातलं काय कळतं, आणि गाडी आता पारशिवनीला जाणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी गाडीकडे वळले. फुटका बल्ब काढून आणला. काचेचा जो तुकडा शिल्लक होता त्यावर अंगठ्याएवढा करपलेला डाग होता. मग गाडीचे दिवे लावले. बिनकुंकवाचा डावा दिवा भिंतीवर लख्ख पडला.

मामाजींनी डाग पाहिला, भिंत पाहिली. म्हणाले, "दिव्याचं सोड. बाईमाणूस अंधारात एकटी गाडी चालवून राहिली, देवालेही आवडलं नाही."

म्हणजे दिव्यांचा प्रश्न कधी नव्हताच. दोन हिवाळे मी त्या मिणमिणत्या काचांना दोष देत होते आणि माझी आई ऊन बघत बसली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामाजी, तुम्हाला पंगतीहून आणते तेव्हा देव डोळे मिटून घेतो का?" मी विचारलं.

ते आत गेले. आमचे हे चप्पल शोधू लागले.

सोमवारी मी नवा बल्ब आणून बसवला. शनिवारी सकाळी मामाजी थाळी घेऊन अंगणात आले तेव्हा मी दिव्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, बॉनेटला लावा, चाकांना लावा, मला लावा, दिव्याला नाही. ते बॉनेटला टिळा लावून वळले. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्यावर होती. ती मी कोणाला न विचारता घेतली.

पारशिवनीला उंबऱ्यावरचं ऊन सरकलं तशी आईने माझी पिशवी उचलली. मी ती तिच्या हातून काढून खाली ठेवली. अंधारून आलं तेव्हा तिला काठीसकट दारात आणलं आणि गाडीचे दिवे लावले. समोरचं कडुलिंबाचं झाड पानापानासकट उजळलं. आई बराच वेळ पाहत राहिली.

"मंग आता थांबशीन?"

"जेवून जाईन," मी म्हटलं.

ती काठी टेकत स्वयंपाकघराकडे वळली आणि मध्येच थांबली. "काय खाशीन वं?" तिने विचारलं. लग्न झाल्यापासून तिने मला हे विचारलं नव्हतं. विचारून उपयोगच नव्हता.

सासरे गेले, आई गेली, गाडीही भंगारात गेली. राग मात्र माझा अजून गेलेला नाही.