त्रिशला सिस्टर वेळेवर जेवतात

त्रिशला सिस्टर मूळच्या कुरुंदवाडच्या. जैनांच्या घरातल्या, त्यामुळे सूर्य मावळला की तोंडाला कुलूप, ते सकाळपर्यंत. कोल्हापुरातल्या त्यांच्या हॉस्पिटलात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाईंना दुपारी डबा खायला सवड द्यावी, हे काही कुणाला सुचत नसे. कुणाचं सलाईन संपायचं, कुणाचा नातेवाईक भांडायला यायचा. मग ड्यूटी सुटली की दिवस बुडायच्या आत त्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसून गार भाकरी उरकायच्या.

एकदा मोठे डॉक्टर विजयसिंह यांना परिचारिकांच्या स्वास्थ्याचा उमाळा आला. व्याख्यानाला पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. कार्यक्रम ठेवला ड्यूटी सुटल्यावर, कारण ड्यूटीच्या वेळात स्वास्थ्याला परवानगी नव्हती. हजेरी सक्तीची आणि दारात शिपाई.

शाल, श्रीफळ, डॉक्टरांचं लांबलचक मनोगत. तेवढ्यात मावळतीचं ऊन समोरच्या भिंतीवर पार वर चढलं. सिस्टरांच्या मांडीवर डबा, नजर त्या उन्हावर आणि पोटात कावळे.

"वेळेवर जेवा," मॅडम सांगत होत्या. "आता डोळे मिटा. आवडीचा घास मनातल्या मनात सावकाश चावा."

सगळ्यांनी डोळे मिटले. त्रिशला सिस्टर मात्र उठल्या.

"सिस्टर, कुठं निघाला?" डॉक्टर म्हणाले. "विषय तुमच्याच जेवणाचा चाललाय की!"

"व्हय की सर. पण दिवस बुडायला लागलाय. बाहेर सोडत न्हाईसा, तर हितंच जेवू द्या."

आणि त्यांनी व्यासपीठाच्या पायरीवर बसून डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी. ते बघून शेजारच्या वॉर्डातल्या निशिगंधानंही आपला डबा काढला, मग आणखी चौघींनी. खरं सांगायचं तर त्या सभागृहात पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं होत होतं.

डॉक्टर लाल झाले. पण मॅडम हरखल्या. "बघा, सत्राचा तत्काळ परिणाम!" लगेच फोटो निघाला. चार दिवसांत तो मोठ्या चौकटीत विश्रांतीच्या खोलीत लागला, नेमका सिस्टरांच्या बाकामागच्या भिंतीवर. खाली सोनेरी अक्षरं : 'आमच्या सिस्टर वेळेवर जेवतात.'

त्या दिवशी दुपारी कधी नव्हे ती सवड मिळाली. सिस्टरांनी फोटोखाली बसून भाकरीचा तुकडा मोडला, तोच डॉक्टर पाहुण्यांना घेऊन दारात.

"सिस्टर, डबा ठेवा आणि जरा बाजूला व्हा. पावण्यांना फोटो दिसंना झालाय."

सिस्टरांनी तुकडा डब्यात परत टाकला, झाकण लावलं आणि वॉर्डात गेल्या. भिंतीवरच्या त्रिशला सिस्टर तेवढ्या निवांत जेवत राहिल्या.