गिळलेली चव

माझ्या मावशीने आयुष्यभर जिभेच्या जोरावर पोट भरलं. म्हणजे ती वकील नव्हती की पुढारी नव्हती; पाकीटबंद सूप बनवणाऱ्या कारखान्यात चव बघायची तिची नोकरी होती. पांढऱ्या फरशीची खोली, लांब टेबल, त्यावर ओळीने मांडलेले छोटे पेले आणि प्रत्येकीच्या पायाशी थुंकायला एक बादली. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा, चूळ भरायची, की पुढचा पेला. मावशीची बादली मात्र जवळजवळ रिकामीच असायची. गिळल्याशिवाय चव शेवटपर्यंत कळत नाही, असं तिचं ठाम मत. बाकीच्या बायका तिला चवबाई म्हणायच्या, थोड्या कौतुकाने आणि बऱ्याच जळफळाटाने.

मीठ कमी की जास्त हे कोणीही सांगेल. मावशी सांगायची, कांदा जरा जास्त भाजला गेलाय, किंवा पूड दमट गोदामात पडून होती. साहेब लोक तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. आमच्या घरी जेवायला आली की आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. आई वैतागून म्हणायची, "येताना जीभ कारखान्यात ठेवून येत जा ना!"

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. इतर बायकांना त्या दिवसांत अन्नाचा वास नकोसा होतो. हिची जीभ उलट आणखी तल्लख झाली. साहेबांच्या ते लक्षात आलं. तेव्हा कारखान्यात टोमॅटोच्या एका नव्या सूपची जुळवाजुळव चालली होती. चव खुलवणारी एक पांढरी पूड त्यात घालायची होती. ती किती घातली म्हणजे माणूस पेला संपवून पुन्हा मागेल, एवढंच शोधायचं होतं. साहेबांनी ते सगळे पेले मावशीच्या टेबलावर आणून मांडले. तिला तर आभाळ ठेंगणं झालं. "दोन जिभांनी चाखतेय मी," असं पोटावर हात ठेवून ती ज्याला त्याला सांगायची. शेवटी प्रमाण तिनेच जमवलं. सूप तुफान चाललं. आजही ते त्याच लाल पाकिटात मिळतं.

मग छकुली झाली. ती उशिरा बसली, उशिरा चालली, बोलायला तर फारच वेळ लावला. "काही मुलं आळशी असतात हो," असं सगळे म्हणायचे. मी लहान होते, तरी मला कळायचं की मावशीला ते ऐकून बरं वाटत नाही. शाळेत आज आलेली अक्षरं उद्या पळालेली असायची. आता छकुली चांगली मोठी बाई झालीय. गाणी गुणगुणते, कोणी रडलं की आधी स्वतः रडते. पण रस्ता एकटीने ओलांडता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एके दुपारी चव बघायच्या खोलीत रेडिओवर आरोग्याचा कार्यक्रम लागला होता. तसलीच पूड भरपूर खाऊ घातलेल्या गाभण उंदरिणींबद्दल कोणी सांगत होतं. त्यांच्या पिल्लांच्या मेंदूत फरक दिसला होता. भुलभुलैयात सोडली की ती वाट विसरायची. मावशीने हातातला पेला खाली ठेवला, घरी आली आणि पुन्हा त्या खोलीत गेलीच नाही. तेव्हापासून ती अळणीच जेवते.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "उंदरांना दिलेली मात्रा खूप मोठी असते. माणसांत असं सिद्ध झालेलं नाही."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"तसंही छातीठोकपणे नाही सांगता येणार. कारण कदाचित कधीच कळणार नाही."

मला त्या बाईंचा भयंकर राग आला. एक खोटं बोलल्या असत्या तर काय आकाश कोसळणार होतं? पण त्या खरं बोलल्या, आणि मावशी अधांतरीच राहिली. घरी येताना म्हणाली, "तू केलंस असं तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं गं."

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा माझं पोट दिसायला लागलं होतं. आम्ही बाहेरच्या खोलीत बोलत बसलो होतो. स्वयंपाकघरातून छकुली आली. दोन्ही हातांत पेला, जीभ दातांत धरलेली, नजर पेल्यावर. तिच्यासारख्या मोठ्यांच्या खास शाळेतून लाल पाकिटं मिळाली होती आणि त्या आठवड्यात शिकवलं होतं: पाकीट फोडायचं, पूड ओतायची, गरम पाणी घालायचं, ढवळायचं.

"ताई, तुला. मी केलं. एकटीने."

मी पेला हातात घेतला, तोच मावशी ताडकन उठली. तिला वास आला होता. तिने माझ्या हातातून पेला हिसकावला आणि सूप फरशीभर सांडलं.

"हिला नाही! हिला नाही द्यायचं!"

छकुलीचा चेहरा पडला. "चुकलं?" तिने विचारलं. हा शब्द तिला फार लहानपणापासून येतो. मग ती खाली बसून फडक्याने फरशी पुसू लागली.

"मावशी, एका पेल्याने काय होणार होतं? तिच्या तोंडाकडे बघ जरा!" मी चिडून म्हटलं.

मावशी मटकन खाली बसली. "बादली होती गं पायाशी," ती म्हणाली. "थुंकले असते तर काय बिघडलं असतं? मला मेलीला मिरवायचं होतं." आणि ती हमसून हमसून रडली. मलाही रडू आलं.

छकुली फडकं घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने आली ती पुन्हा भरलेला पेला घेऊन, आणि या वेळी सरळ आईपुढे उभी राहिली.

"आता बघ."

मावशीने पेला घेतला. एक घोट घेतला, सवयीने तोंडात फिरवला आणि तशीच थांबली. मोरी दोन पावलांवर होती. छकुली आईच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती, पूर्वी साहेब लोक उभे राहायचे तशी.

मावशीने घोट गिळला.

"चुकलं?"

"नाही गं बाई," मावशी म्हणाली. "तुझं काही म्हणजे काही चुकलेलं नाही."

मग तिने पेला संपवला, आणि पुन्हा मागितला.