गंगासागर टायपिस्ट आणि म्हाळूची पेटी

गेवराईच्या भीमाशंकर अप्पांची थोरली लेक गंगासागर बारावीला इंग्रजीत नापास झाली, आणि तीही दोनदा. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसवण्यापेक्षा बरं म्हणून अप्पांनी तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथं भलतंच झालं. जिला पेपरात पस्तीस मार्क पडले नव्हते, तिनं इंग्रजी टायपिंगची परीक्षा पहिल्याच वेळी काढली. तिथं अर्थ कुणी विचारत नव्हतं, आणि बोटं तर वाऱ्यासारखी चालत होती.

लग्न होऊन ती बीडला आली आणि कोर्टाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन मांडून बसली. आता मशीन जाऊन कॉम्प्युटर आला होता आणि बसण्याला बावीस वर्षं झाली होती. वकिलांच्या कारकुनांना तिचं काम आवडे. "गंगाताईकडं टाक, एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं न्हाई," असं ते म्हणत. त्या कागदांत काय लिहिलं आहे, ते मात्र तिला निम्मंच कळे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

श्रावण संपता संपता सारजाबाई तिच्याकडं आली. मांजरसुंब्याच्या पुढच्या एका वस्तीवरची, पन्नाशीची बाई. तिचा नवरा चेन्नईकडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होता. सुट्टीवर घरी आला आणि छातीत कळ येऊन तिसऱ्या दिवशी गेला. त्याची पेटी कंपनीच्या खोलीवरच राहिली होती.

"फोन केलता ताई, पन तिकडची बोली कळंना. शेवटी म्हनले, इंग्रजीत अर्ज धाडा."

"नाव काय त्यांचं, मावशी?"

सारजाबाईनं नाव घेतलं नाही. पिशवीतून लायसनची झेरॉक्स काढून पुढं सरकवली. म्हाळू सटवा, असं त्यावर होतं.

शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका कारकुनानं अर्ज तोंडी सांगितला आणि गंगासागर टाइप करत गेली. 'माय हजबंड, डिसीज्ड,' असं काहीसं तो म्हणाला. शब्द तिच्या ओळखीचा होता. दवाखान्याच्या कागदांत तो कितीदा तरी तिच्या हाताखालून गेला होता. बोटांनी उमटवला. स्क्रीनवर चुकीच्या स्पेलिंगखाली येते ती लाल रेघ आली नाही. सारजाबाईनं अंगठा केला आणि पाकीट पोस्टात पडलं.

दीड महिन्यानं सारजाबाई उत्तर घेऊन परत आली. चेहरा थकलेला होता, पण राग नव्हता.

"ताई, हे बघा बरं काय हाय. आमची सून बारावी झालेली हाय. तिनं वाचलं, पन मला खरं वाटंना."

गंगासागरनं कागद घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. कंपनीनं लिहिलं होतं की पेटी सुरक्षित आहे, पण ती ज्याची त्यालाच देता येते. म्हाळूला बरं वाटलं की त्यानं स्वतः यावं. तो लवकर बरा होवो, अशी सगळ्यांची प्रार्थना आहे.

"सून वाचत व्हती," सारजाबाई म्हणाली, "तवा येक घडीभर मला बी वाटलं, आपलंच काई चुकलं का? दारात बघितलं मी. खोटं न्हाई सांगत."

गंगासागरनं स्क्रीनवर जुना अर्ज उघडला. कारकुनांकडून तिनं एक जुनी डिक्शनरी मागून घेतली. डी-आय-एस असेल तर आजारी. डी-ई-सी असेल तर मेलेला. कानाला जवळपास सारखाच, आणि कागदावर एक माणूस जिता ठेवणारा. चूक कारकुनाच्या उच्चाराची म्हणता आली असती, कॉम्प्युटरची म्हणता आली असती. सारजाबाईला त्यातलं काहीच कळलं नसतं.

"मावशी, चूक माझी हाय," ती म्हणाली. "मी त्यांना आजारी लिवलं. मला ह्या दोन शब्दांतला फरक माहीत नव्हता."

सारजाबाईनं कागद परत तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "मंग आता कसं करायचं?"

नवा अर्ज जाऊन उत्तर यायला पुन्हा दीड महिना गेला असता. पत्राच्या माथ्यावर फोन नंबर होता. गंगासागर आयुष्यात कुणाशी इंग्रजीत एक शब्द बोलली नव्हती. तिनं नंबर लावला.

"सर, म्हाळू ड्रायव्हर... डिसीज्ड, सर."

"यस मॅडम, डिसीज्ड, आय नो," पलीकडचा माणूस आपुलकीनं म्हणाला. आता तब्येत कशी आहे, असंही त्यानं विचारलं.

तिनं पुन्हा सांगितलं, जोर देऊन, हळू, अक्षरं तोडून. त्यानं पुन्हा तेच ऐकलं. तिच्या तोंडून दोन्ही शब्द एकच निघत होते. दुसरा एक शब्द तिच्याकडं होता, साधा. पण सारजाबाई समोर बसलेली होती आणि तो शब्द तिलाही कळणार होता. गंगासागरनं तिच्याकडं पाहिलं. सारजाबाईनं पदर सारखा केला आणि मान हलवली.

"बोला, ताई."

"डेड, सर," गंगासागर म्हणाली. "म्हाळू डेड. मर गया."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो माणूस मोडक्या हिंदीत बोलू लागला. म्हाळूची गाडी गेटात आली की त्याच्या हाकेवरून आपण ओळखायचो, तो कधी कुणाशी भांडला नाही, पेटीला आता कागद नको, असं सांगत राहिला. गंगासागर प्रत्येक वाक्य सारजाबाईला मराठीत सांगत गेली. कंपनीची गाडी सोलापूरहून धुळ्याकडं जाताना मांजरसुंब्याला थांबेल, एवढं ठरलं.

गाडी यायच्या दिवशी गंगासागरनं शेडला सुट्टी दिली आणि ती एसटीनं मांजरसुंब्याला गेली. धाब्यासमोर दोघी बाकड्यावर बसल्या. दुपारी गाडी आली. ड्रायव्हरनं केबिनमधून निळी पत्र्याची पेटी उतरवली, सारजाबाईच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले. कुलूप नव्हतं. आत दोन शर्ट होते, एक लुंगी, दाढीचा आरसा आणि नातवासाठी घेतलेले बूट, अजून कागदात गुंडाळलेले.

सारजाबाईनं बूट उलटेपालटे करून पाहिले. "ल्हान व्हतील आता," ती म्हणाली. मग तिनं हाक मारून दोन चहा सांगितले. गंगासागरनं पैसे काढले तर तिनं हात धरला. "तुमी आलात, लई झालं."

पुढच्या सोमवारी एका वकिलांनी नेहमीप्रमाणं घाईत कागद टाकला. गंगासागरनं दोन ओळी टाइप केल्या आणि थांबली. तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून तिनं विचारलं, "साहेब, याचा अर्थ काय हो?"

बावीस वर्षांत तिनं असं कधी विचारलं नव्हतं. वकीलसाहेबांनी कागद जवळ घेतला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "थांबा जरा. बघून सांगतो."