चार तासांचा रंग

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लष्करी गाड्या रंगवायचे. अठ्ठावीस वर्षं. तो हिरवा रंग शोभेचा नव्हे बरं का! कुणी विषारी रसायन फवारलं तर ते गाडीत मुरू नये, धुतलं की निघून जावं, म्हणून असतो. मला त्या कारखान्यात चिकटवलं दाजींनीच. नाहीतर मी ओवाळून टाकलेला माणूस.

रंगात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं औषध, मिसळला की तो चार तासच चालतो. त्यानंतर उरलेला फेकायचा म्हणजे फेकायचाच, हा दाजींचा नियम. आम्ही पाठीमागे त्यांना घड्याळजी म्हणायचो.

त्या दिवशी रंग मी कालवला होता. कॉम्प्रेसर बंद पडला, वेळ गेला, रंग घट्ट व्हायला लागला. डबाभर रंग फेकला तर साहेबांची बोलणी कोण खाणार? मी गुपचूप रंग पातळ करायचं थिनर ओतलं आणि नवा कालवलाय म्हणून दाजींच्या हातात दिला. कसली दुर्बुद्धी सुचली! त्यांनी ॲम्ब्युलन्सचा दरवाजा रंगवला. दिसायला फक्कड. काम नीट झाल्याच्या कागदावर दाजींची सही झाली.

हा रंग पुरता पक्का व्हायला आठवडा लागतो. म्हणून गाडी निघायच्या सकाळी दाजींनी थिनरचं फडकं दारावर घासलं. फडकं हिरवं झालं; शिळा रंग धरलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

साहेब म्हणाले, कागद पूर्ण झालेत, जाऊ द्या की. दाजी म्हणाले, "यात जखमी माणसं असतील. माझी सही खोडा."

साहेब भडकले. शिळा रंग वापरला कुणी, ते सांगा म्हणाले.

मी खाली वाकून रिकामे डबे रचायला लागलो.

"मी," दाजी म्हणाले.

गाडी थांबली. दाजींनीच दरवाजा खरवडून पुन्हा रंगवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गोदामात बसवलं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. निवृत्तीला चार महिने होते. त्यांची स्प्रे-गन माझ्या हातात आली. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदही झाला.

रविवारी ताईकडे जेवायला गेलो. वाढता वाढता ती म्हणाली, "तू तर तिथेच होतास. यांच्या हातून असं झालंच कसं रे?"

दाजी समोरच जेवत होते.

"वय झालं गं त्यांचं," मी म्हटलं.

दाजींचा घास हातातच राहिला. मग ते ताईला म्हणाले, "हो, झालं खरं."