बिनतुपाची पोळी

बहात्तर किलोवर माझा काटा अडला तो अडलाच. पहाटेचं चालणं, घाटाच्या पायऱ्या, रात्री नुसतं वरण, सगळं चालू होतं आणि काटा मात्र रुसलेल्या जावयासारखा जागचा हलत नव्हता. मला तो सत्तरच्या खाली हवा होता, आणि तो काही जुनी ब्लाउजं अंगात शिरावीत म्हणून नाही. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घरातल्यांपैकी फक्त माझी जुळत होती. इंदूरच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले, मान डोलावली आणि मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, ते म्हणाले, त्यात तुमच्याच जिवाला धोका आहे. सत्तरच्या खाली या, मग तारीख ठरवू.

त्या दिवशी सासूबाई माझ्यासोबत होत्या. शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या आणि डॉक्टरांचा शब्दन् शब्द ऐकत होत्या. परतताना बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, सत्तरच बोलला ना तो? मी हो म्हटलं. बऱ्हाणपूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच मला सकाळची मोकळी केली. तू फिरून ये, पोळ्यांचं मी बघते, म्हणाल्या. आमचं घर गावातल्या बुधवारा पेठेत, खाली नवऱ्याचं कापडाचं दुकान आणि वर आम्ही. पहाटे स्वयंपाकघर सोडून सुनेनं बूट घालून नदीवर फिरायला जायचं, हे आमच्या घरात आधी कोणी पाहिलं नव्हतं. आहार सांगणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी ज्वारी आणि हरभरा मिसळलेलं गव्हाचं पीठ सांगितलं होतं. त्या पिठाचा गोळा सासूबाई वेगळ्या वाडग्यात भिजवायच्या. घरच्या पोळ्यांना तूप, माझ्या पोळ्या कोरड्या. ताटात वाढताना त्या म्हणायच्या, बघ, बोटसुद्धा नाही लावलं तुपाचं. अशी सासू तुम्हाला मिळाली नाही, हे मी मैत्रिणींना ऐकवत असे.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मी हवेत होते. मग बहात्तर आलं आणि सगळं थांबलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, असं होतं, शरीराला सवय होते, व्यायाम बदला. मग मी नुसतं चालणं सोडून घाटाच्या पायऱ्या चढू-उतरू लागले. तापीच्या काठी स्नानाला आलेल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. एकीनं जिऱ्याचं पाणी सुचवलं, दुसरीनं मध-लिंबू. तिसरी म्हणाली, दीदी, काहींना हवासुद्धा अंगी लागते. तिला तिथेच नदीत ढकलावंसं वाटलं मला.

माहेरून, देडतलाईहून, रोज संध्याकाळी माझ्या आईचा फोन यायचा. पूर्वी ती विचारायची, जेवलीस का? आता विचारायची, काटा काय म्हणतो? मी बहात्तर म्हटलं की पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. एकदा तिनं हळूच विचारलं, नीट पाळतेस ना गं सगळं? म्हणजे तिला वाटत होतं, मी चोरून खाते. भाऊ डायलिसिसच्या खुर्चीवर, आणि बहीण बऱ्हाणपुरी जिलेबीवर! फोन ठेवून मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुन्हा वजनकाट्यावर उभी राहिले, जणू रडण्यानं शंभर ग्रॅम तरी गेले असतील.

भाऊ स्वतः कधी विचारत नसे. शेतातली केळी कशी आलीत, ट्रक कधी भरणार, असलंच बोलायचा. दिवसेंदिवस त्याचा आवाज पातळ होत चालला होता. एकदा म्हणाला, "ताई, टेंशन नको घेऊ. नाही होत तर नाही होत." त्यापेक्षा त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इकडे सासरी कोणी काही विचारतच नव्हतं. नवरा म्हणायचा, तू म्हणशील तसं. तो नको म्हणाला असता तर मी भांडले असते, जा म्हणाला असता तर मान वर करून गेले असते. पण तू म्हणशील तसं या वाक्याला कुठून धरायचं? तिकडे माझ्या शरीराची वाट बघणारी माणसं, इकडे त्या शरीराबद्दल अवाक्षर न काढणारी, आणि मधे मी, माझ्याच कातडीत अडकलेली. आरशासमोर उभं राहून मी पोटाची वळी चिमटीत धरायचे. हीच माझ्या भावाच्या आड येतेय, असं वाटायचं आणि चिमटा जोरात बसायचा.

चैत्रात सासूबाई इच्छापूरला गेल्या, देवीची ओटी भरायला आणि तिथल्या बहिणीकडे राहायला. बरेच दिवस राहिल्या. माझी कणीक मीच भिजवू लागले. त्याच डब्यातलं पीठ, तोच वाडगा, तोच तवा. पोळ्या मात्र चामड्यासारख्या झाल्या. दुपारी गार झाल्यावर तर तुटता तुटेनात. मला वाटलं, सासूबाईंच्या हाताला गुण आहे, आपल्या नाही. पीठ जास्त मळून पाहिलं, झाकून ठेवलं, कोमट पाणी घातलं. काही उपयोग झाला नाही.

मग एका सकाळी काट्यानं एकाहत्तरचा आकडा दाखवला. मी उतरले, पुन्हा चढले. एकाहत्तरच. त्याच दिवशी नवऱ्याला तूप वाढायला बरणी काढली, तर ती जवळजवळ भरलेली होती. एरवी एवढ्या दिवसांत तळ दिसायचा. घरात तूप खाणारी तीच माणसं होती, फक्त सासूबाई नव्हत्या, आणि त्या तर तुपाला शिवतही नसत. मी बरणी हातात धरून तशीच उभी राहिले. तूप माझ्या पोळीवर कधीच नव्हतं. ते पोळीच्या आत होतं. शंकरपाळ्यांना घालतात तसं माझ्या कणकेत रोज मोहन पडत होतं, आणि मी सुनांमधली सगळ्यात नशीबवान म्हणून ते चावून चावून खात होते.

संतापानं माझे कान तापले. सासूबाई परत आल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी फिरायला गेले नाही. स्वयंपाकघरात पाट ओढून बसले. त्यांनी वाडग्यात पीठ घेतलं, बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पिठातच थांबला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "तू झपझप उतरायला लागली, तेव्हापासून."

"माझा भाऊ मरतोय, आई."

"मला माहीत आहे का नाही ते?" त्या पिठाकडे बघत म्हणाल्या. "तुला नको जाऊ म्हणायचं तोंड नव्हतं माझं. भाऊ आहे तुझा. अन् जा म्हणायची हिंमत नव्हती. तू बारीक होऊन राहिली होती अन् मला रात्र रात्र झोप नव्हती येऊन राहिली. तो डॉक्टर बोलला होता का सत्तरच्या वर असली तर चिरणार नाही. तेवढंच मी धरून ठेवलं."

मग म्हणाल्या, "ओटी भरली, देवीसमोर हात जोडले, अन् काय मागू तेच समजेना. तुझं मागितलं तर त्याचं जातं. तशीच परत आली."

मी वाडगा त्यांच्या पुढ्यातून माझ्याकडे ओढला आणि पाणी घालून कणीक भिजवली. त्यांनी ओढू दिला.

पुढे काटा उतरत गेला. आईला सांगितलं, तर ती फोनवर हुंदके देऊन रडली. मी मात्र सत्तरच्या खालचा आकडा पाहिला आणि काट्यावरच उभी राहिले. इतके महिने ज्या काट्याला शिव्या दिल्या, तोच माझ्या आणि ऑपरेशनच्या टेबलाच्या मधे उभा होता. आता मधे कोणी नव्हतं. मला भीती वाटली, आणि ती सांगायला घरात एकच माणूस होतं, सासूबाई, आणि त्यांच्याशी मी नीट बोलत नव्हते.

इंदूरला भरती व्हायला निघालो त्या पहाटे मला जाग आली तेव्हा तवा तापल्याचा वास येत होता. सासूबाईंनी डबा बांधून माझ्या पिशवीत ठेवला. मग माझ्या पाठीवरून, कमरेच्या वर, जिथून किडनी काढणार होते तिथे, हात फिरवला.

बसमध्ये नवऱ्यानं डबा उघडला. पहिला घास तोडताना त्याला जोर लावावा लागला. आईच्या पोळ्या आज अशा कशा, तो म्हणाला. मी पोळी हातात घेतली. कोरडी, चिवट, तुपाचा थेंब नसलेली. दातांनी ओढून ओढून मी ती सगळी खाल्ली, आणि रडत राहिले, कारण त्यांनी मला जाऊ दिलं होतं आणि आता मागे थांबायला काही निमित्त उरलं नव्हतं.