खात्रीशेठ आणि शेपूट लागलेल्या फाइली

आमच्या जावईबापूंना गल्लीत सगळे खात्रीशेठ म्हणतात. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघतात आणि घरी पोचल्यावर माझ्या लेकीला विचारतात, "मी ओढलं होतं ना?" ती काय सांगणार, ती तर घरी असते.

धंदा बुटांचा. ज्यांचा पाय आखूड, वाकडा किंवा ऑपरेशन झालेला, त्यांचे बूट. मापं कॉम्प्युटरात. वाढत्या पोरांचं माप दर चार महिन्यांनी नव्यानं घेतात आणि फाइलीच्या नावाच्या शेवटी कंसात तारीख स्वतःच्या हातानं घालतात.

मागच्या महिन्यात कॉम्प्युटरनं मान टाकली. बॅकअप होता, एक सोडून दोन. कॉम्प्युटरवाल्यानं तो परत चढवला, तर नऊशे फाइलींच्या नावामागे एकेक शेपूट लागलेलं: बॅकअप घेतल्याची तारीख आणि वेळ, तीही कंसात. साचे कापणाऱ्या मशीनला ती नावं ओळखता येईनात. आणि गल्लीतल्या टेलरबाईंच्या नातीचे बूट सोमवारी द्यायचे होते. पोरीच्या पायाचं प्लॅस्टर नुकतंच निघालेलं, सोमवारी पहिल्यांदा उभं राहायचं. बूट चावला तर पोरगी पाय टेकायलाच घाबरणार.

मी नेहमीप्रमाणे दुकानातल्या स्टुलावर होतो.

"पहिल्या कंसापासून पुढचं सगळं उडवतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "चहा येईपर्यंत नऊशे साफ."

"म्हणूनच शंका येते," जावईबापू म्हणाले. " आधी नक्कल काढा, नकलेवर चालवा."

"शेठ, पंधरा वर्षं हेच करतोय."

"मीही पंधरा वर्षं कुलूप ओढतोय. काढा नक्कल."

"अहो, करू द्या की त्याला," मी मध्येच बोललो.

"मामा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

घ्या, माझ्यावरही संशय. "मी स्टुलाच्या बाजूचा," म्हटलं.

नकलेवर चालवलं. नातीच्या पाचही फाइलींचं नाव एकच झालं आणि कॉम्प्युटरनं आपल्या मनानं मागे एक, दोन, तीन आकडे लावले. शेपटाबरोबर जावईबापूंची तारीखही गेली होती. ताजं माप कुठलं, ते आता कोण सांगणार?

कॉम्प्युटरवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. "फक्त शेवटचा कंस काढतो," तो हळूच म्हणाला.

पुन्हा नक्कल. जावईबापूंनी पडद्यावर बोट ठेवून चाळीसेक नावं तपासली, मगच खऱ्या फाइलींना हात लावू दिला. सगळं जागच्या जागी आलं. मला वाटलं, सुटलो. तर हे नातीच्या फाइलीवरच्या तारखेकडे टक लावून बसलेले.

"नाव बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"नाव बरोबर आहे, मामा. पायाचं काय? हे माप प्लॅस्टरच्या आधीचं आहे."

लगेच फोन. टेलरबाई नातीला कडेवर घेऊन आल्या, त्या कुरकुरतच. "पाच वेळा माप दिलंय. पाय तोच आहे हो."

"तोच आहे का, तेच बघायचंय."

पाय अर्ध्या बोटानं वाढला होता. टेलरबाईंनी स्वतःची टेप काढून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच.

सोमवारी पोरगी नवे बूट घालून दारापासून माझ्या स्टुलापर्यंत आली, आजीचं बोट धरून. जावईबापू जमिनीवर गुडघे टेकून नुसते बुटांकडे बघत होते.

"टोचतं का?"

"नाही."

"नक्की? परत चाल बघू."

ती परत चालली. तिसऱ्यांदा सांगायच्या आत आजीचं बोट सोडून ती आपणहून दाराकडे वळली.