वगळलेल्या विहिरी

भूजल खात्यात तिला सगळे ‘विहीरबाई’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर ते कधीच आलं होतं आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन ती तरुणपणी या खात्यात लागली आणि इथेच तिचे केस पांढरे झाले. जेवायला बसली तरी विषय विहिरींचाच. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, “माणसाशी लग्न केलं असं वाटलं होतं, निघाली विहीर. काही विचारावं तर आपलाच आवाज घुमून परत येतो.” पाहुणे हसत, तीही हसे, आणि ताटं उचलता उचलता पुन्हा कुठल्याशा जिल्ह्यातल्या पाण्याच्या पातळीत हरवून जाई.

तिचा थोरला भाऊ जन्मगावीच राहिला होता. त्याची लाँड्री होती. सरकारी दवाखान्याच्या चादरी, दोन लॉजचे पलंगपोस, कारखान्यातल्या कामगारांचे डगले, असं सगळं त्याच्याकडे धुवायला यायचं. घरामागच्या अंगणात मोठी दगडी विहीर, तिच्या काठाला धुण्याचे हौद आणि पलीकडे वाळत घालायच्या तारा. दादा तिला अजूनही ‘चिमे’ म्हणायचा. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या बाईला चिमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

एके दिवशी संचालकांनी तिला बोलावलं. संचालक हाडाचे वाईट नव्हते. फक्त वाऱ्याची दिशा बघून खिडकी उघडायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, “बाई, देशभरातल्या भूजलावर नजर ठेवायची योजना आखायची आहे. कुठे मोजायचं, किती खोल मोजायचं, कुणी मोजायचं, सगळं तुम्ही ठरवा. वरून आदेश आहे.”

“आणि निधी?”

“तुम्ही आधी लिहा तर खरं. मागायला काय जातं?”

तिला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. तिथे आधी मोडक्या खुर्च्या ठेवत. तिने त्या हलवल्या, भिंतभर देशाचा नकाशा लावला आणि कामाला लागली. गावोगाव फिरली. खडकाचा पोत, उपसा, वस्ती, कारखाने, सगळं बघत गेली. खात्याच्या जुन्या मोजणीच्या विहिरीही तिने एकेक करून डोळ्यांखालून घातल्या.

आणि तिथेच तिला कुठे पाणी मुरतंय ते दिसलं.

खातं जी पातळी मोजत होतं, ती लोकांच्या वापरातल्या उघड्या विहिरींची. खात्याचा माणूस यायचा, विहिरीत फीत सोडायचा, पाणी किती खाली आहे ते लिहून न्यायचा. पण विहीर आटली की लिहिणार काय? तो ‘कोरडी’ असं लिहायचा. कचेरीत पोचल्यावर कोरडी म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे सरासरीत धरायची नाही. दुष्काळ जसजसा वाढे, तसतशा विहिरी यादीतून गळत. उरत त्या नशीबवान, ज्यांत अजून पाणी होतं. मग त्यांची सरासरी काढली की पाणी वर आल्यासारखं दिसे.

तिने आखलेली योजना याला उत्तर होती. फक्त मोजण्यासाठी नवीन बोअर घ्यायचे, ज्यातून कुणी थेंबभरही उपसणार नाही. जागोजागी दोन शेजारी शेजारी, एक उथळ, एक खूप खोल, म्हणजे वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगवेगळं कळेल. जिथे उपसा जास्त तिथे बोअर दाट. प्रत्येकात आपोआप नोंद करणारं यंत्र. तिच्या जन्मगावचा भाग काळ्या कातळाचा आणि उपशाने पोखरलेला. तिथे नकाशावर तिच्या लाल टाचण्या खूप दाट झाल्या. गावचं माणूस म्हणून आपण झुकतं माप देत नाही ना, हे तिने परत परत तपासून पाहिलं. टाचण्या होत्या तिथेच राहिल्या.

समितीची बैठक लांबलचक टेबलाभोवती झाली. सचिव, अर्थखात्याचे अधिकारी, संचालक आणि ती. अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी तिचा आराखडा चाळला आणि बाजूला ठेवला.

“जुन्या विहिरी आहेतच की,” ते म्हणाले. “फुकटच्या. त्याच मोजा. नवीन बोअर दहातला एक घ्या.”

“साहेब, त्या आटताहेत. आणि आटली की आपण ती वगळतो.”

“आटलेल्या विहिरीत मोजणार तरी काय?”

तिला नवऱ्याच्या शाळेची आठवण झाली. ती म्हणाली, “वर्गातल्या नापास मुलांची नावं पटावरून काढली, तर निकाल शंभर टक्के लागतो. पण मुलं हुशार झालेली नसतात.”

टेबलाभोवती हशा पिकला. सचिवही हसले. “छान सांगता तुम्ही,” ते म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला. तिला कळलं, आपण गंमत केली असं सगळ्यांना वाटलं.

बाहेर आल्यावर संचालक तिच्याबरोबर जिना उतरत होते. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाई? मिळतंय तेवढं घ्या. सुरुवात तरी होऊ दे. पुढे वाढवू.”

तिने याआधी चांगल्या योजना कपाटात मरताना पाहिल्या होत्या. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं मनाला समजावून तिने छाटलेल्या आराखड्यावर सही केली. नकाशावरच्या टाचण्या तिने स्वतःच्या हाताने काढल्या. कातळाच्या भागात बोअर महाग पडतो म्हणून जन्मगावच्या बाजूची एकही उरली नाही.

पहिला राष्ट्रीय अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे, आणि आतल्या पानावर तयार करणाऱ्यांमध्ये पहिलं नाव तिचं. किती विहिरी कोरड्या म्हणून वगळल्या त्याची तळटीप तिने दिली होती, ती छापताना काढून टाकली होती. ‘वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल,’ असं कारण तिला मागून कळलं. जन्मगावच्या जिल्ह्याला हिरवा रंग मिळाला होता. म्हणजे पातळीत वाढ.

महिना उलटला नाही तोच दादाचा फोन आला.

“चिमे, तुझ्या पुस्तकात आमच्याकडे पाणी वर आलंय म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“नगरपालिकेत गेलो होतो. टँकर बंद केले ना. विचारलं तर तुझं पुस्तक दाखवलं. हिरव्या जिल्ह्याला टँकर नाही. मी म्हटलं, मग ते पुस्तकच द्या, हौदात पिळून बघतो.”

तो हसला. तिला हसता आलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं, विहिरी कशा गळतात, हिरवा रंग कुठून येतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. व्यापाऱ्याचं डोकं, त्याला पटकन समजलं.

“म्हणजे मेलेले सोडून बाकीच्यांची तब्येत मोजली.”

“तसंच.”

“बरं, मग खरं सांग. खाली पाणी आहे का?”

“माहीत नाही, दादा. तिथे खोल मोजायला आम्ही काही टाकलंच नाही.”

“आमची अजून थोडीफार आहे. पण पंप वरून ओढत नाही. इंजिन खाली उतरवलंय, मधल्या कट्ट्यावर.”

“डिझेलचं इंजिन विहिरीत ठेवलंस? धूर कुठे जाणार? दादा, ते काढ आधी. आणि स्वतः खाली उतरू नकोस.”

“दवाखान्याच्या चादरी साठल्यात. रक्ताच्या चादरी तशाच कशा ठेवू? बघतो, काढतो.”

त्याने काढलं नाही. ती जाणून होती की तो काढणार नाही. त्यानंतर तिने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनीने उचलला आणि ‘ते कामात आहेत’ म्हणाली. आठवडाभराने भरदुपारी इंजिन बंद पडलं. ते चालू करायला दादा खाली उतरला. बराच वेळ हाक येईना म्हणून कपडे वाळत घालणारा कामगार दोराला धरून मागोमाग गेला, तो अर्ध्यातच गळपटला. त्याला लोकांनी ओढून वर काढलं. तो वाचला. दादाला काढायला अग्निशामक दलाची गाडी यावी लागली.

ती पोचली तेव्हा अंगणात तारांवर चादरी तशाच होत्या. कुणाला काढायचं सुचलं नव्हतं. वहिनी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. नणंदेला पाहून ती सरकली आणि शेजारी जागा केली.

“वन्सं, तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना, उतरू नका म्हणून?”

“हो.”

“मीही सांगितलं होतं.” तारांवरच्या चादरींकडे बघत ती म्हणाली, “टँकर असता तर उतरले नसते.”

वहिनीने कुणाकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं विहीरबाईला वाटलं. ती उठून विहिरीच्या काठावर गेली. तळाशी चिखल होता, काळाकुट्ट, आणि वासावरून अजून धूर गेला नसावा. खात्याच्या मोजणीच्या यादीत ही विहीरही होती, ती आता दप्तरी ‘कोरडी’ होणार होती. पुढच्या अहवालात जिल्ह्याचा हिरवा रंग आणखी गडद होणार होता.

राजधानीत परतल्यावर तिने दुसऱ्या अहवालावर सही करायला नकार दिला. आरडाओरडा केला नाही, राजीनामा दिला नाही. कोरड्या विहिरी धरायच्या असतील तर सही, नाहीतर नाही, एवढंच सांगितलं. पाणी दिसलं नाही तर विहिरीच्या तळापेक्षा ते खाली आहे एवढं तर नक्की. मग निदान तळाची खोली धरा, असं तिचं म्हणणं होतं.

संचालकांनी दार लावून घेतलं. “बाई, तुमच्यावर काय ओढवलंय ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, काही दिवस रजा घ्या.”

“सर, माझा भाऊ धुराने मेला. आकड्याने मेला असं मी म्हणत नाही. पण टँकर आकड्याने बंद झाले.”

“अर्धा देश लाल होईल अशाने.”

“झालेलाच आहे.”

समितीपुढे ती परत उभी राहिली. या वेळी तिने शाळेचा दाखला दिला नाही. वगळलेल्या विहिरींची गावं एकामागून एक वाचत गेली. अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सचिवांनी मध्येच विचारलं, “अजून किती आहेत?” ती म्हणाली, “अर्धीसुद्धा झाली नाहीत.” या वेळी कुणी हसलं नाही.

निर्णय सरकारी निघाला, म्हणजे साप मरू नये आणि काठीही तुटू नये असा. सरासरी जुन्याच पद्धतीने, पण कोरड्या विहिरींचा वेगळा तक्ता शेवटी छापायचा. काही टाचण्या परत मिळाल्या, त्यातली एक तिच्या जन्मगावची. आणि विहीरबाईची बदली प्रशिक्षण विभागात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नवा अधिकारी आला. निवृत्तीपर्यंत ती नव्या लोकांना फीत कशी सोडायची ते शिकवत राहिली.

त्या तक्त्यामुळे टँकर परत सुरू झाले, पण उशिरा आणि थोडे. तोवर लाँड्री बंद पडली होती. गावातली बरीच घरं कुलूप लावून निघून गेली. वहिनीला ती आपल्या घरी घेऊन आली. दोघी फार बोलत नसत. कधी नवरा जुन्या सवयीने विहिरीचा विनोद करायचा आणि मध्येच थांबायचा.

जन्मगावी मोजणीचा बोअर घ्यायला मशीन गेली, तेव्हा तिला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. नव्या अधिकाऱ्याने आठवणीने कळवलं. वहिनी म्हणाली, “मीही येते.” दोघी शाळेच्या ओसाड पटांगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. मशीन दिवसभर कातळ फोडत होती. पांढरी धूळ उडत होती, झाडांवर, कपड्यांवर, केसांवर. दुपारनंतर गल्लीबोळांतून माणसं यायला लागली. उरलेल्या घरांतली, बहुतेक म्हातारी. येताना हंडे, डबे, प्लास्टिकचे कॅन घेऊन आली आणि न सांगता रांग लावून उभी राहिली.

पाणी लागलं, पण तिने धरलं होतं त्याच्याही कितीतरी खाली. नव्या अधिकाऱ्याने आकडा सांगितला तेव्हा तिने तो पुन्हा सांगायला लावला. मग कामगार पाइपात यंत्र सोडायला लागले आणि वर कुलपाचं झाकण बसवायची तयारी करू लागले.

रांगेतल्या पुढच्या म्हातारीने विचारलं, “पंप कधी बसवणार?”

अधिकारी विहीरबाईकडे बघू लागला. ती पुढे झाली.

“मावशी, हा उपसायचा बोअर नाही. हा फक्त मोजायचा आहे.”

“पाणी लागलं ना पण?”

“लागलं. फार खाली आहे. संपत चाललंय. किती वेगाने संपतंय ते यातून कळेल.”

म्हातारीने झाकणाकडे पाहिलं, मग मागे वळून रांगेतल्या बाईला सांगितलं, तिने तिच्या मागच्याला. बातमी रांगेच्या शेवटापर्यंत जायला थोडा वेळ लागला. शेवटची माणसं अजून पुढे सरकत होती, तोवर पुढची परत निघालीही होती.

वहिनीने म्हातारीच्या हातातला रिकामा हंडा घेतला आणि तिला घरापर्यंत सोडायला गेली. विहीरबाई पटांगणात एकटीच उभी राहिली, कामगारांनी झाकण नीट बसवलं की नाही ते बघत.